हुआन सोल्दादो : चर्चनं न मानलेला सीमेवरचा संत



अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांची, म्हणजे चिकानोंची, एक घोषणा आहे : आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनंच आम्हाला ओलांडलं. १८४८ च्या तहात मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख अमेरिकेत गेला, त्यातून ती आली. १९५६ ऐकत वाढलेल्या आपल्याला ती समजावून सांगायला नको. पण आज बोलायचंय ते त्याच सीमेवरच्या एका संताबद्दल.

तिहुआना हे मेक्सिकोचं शहर अमेरिकेला अगदी खेटून आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये तिथं आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिला मारलं गेलं. हुआन कास्तियो मोरालेस हा साधा शिपाई पकडला गेला. जमाव खवळला, पोलीस ठाणं पेटवलं. लष्करानं घाईघाईत खटला उरकला आणि १७ तारखेला त्याला कबरस्तानात नेऊन ‘पळ’ म्हणून सांगितलं. तो पळाला, तशा गोळ्या घातल्या. या पद्धतीला तिकडं नावच आहे, ‘ले फुगा’, म्हणजे पळण्याचा कायदा. आपल्याकडच्या एन्काउंटरचं सख्खं भावंडच म्हणा की!

आणि त्याच गावात थोड्याच दिवसांत बोलवा उठली, कबरीतून रक्त झिरपतंय. लोक दगड, फुलं, मेणबत्त्या ठेवायला लागले. खरा गुन्हेगार वरचा अधिकारी, बिचाऱ्या शिपायाला बळी दिलं, असं म्हणायला लागले. चर्चनं त्याला कधीच संत मानलं नाही. लोकांनी परवानगी मागितलीच नव्हती. आज तिथं छोटं प्रार्थनाघर आहे, भिंतीवर नवस फिटल्याच्या पाट्या. कागदपत्रांशिवाय अमेरिकेत जाणारे आधी त्याच्या पाया पडतात. ज्याचं कुणी ऐकून घेतलं नाही, तो आपलं ऐकेल, हा त्यातला हिशेब मला कळतो.

तो निर्दोष होता, असं मात्र मी म्हणणार नाही. इतिहासकार पॉल वँडरवूड यांनी त्याच्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच बलात्कारी, खुनी, हुतात्मा आणि संत असे चारही शब्द आहेत. चारातला एकही त्यांनी गाळला नाही, हे मला आवडलं. चौकशी नीट झाली असती तर निदान खरं-खोटं कळलं असतं. त्या घाईनं शिपायाला संत केलं, आणि मुलीला काय मिळालं? नवसाच्या गर्दीत तीच मागं पडली. हे मला खुपतं.

आता तुम्ही विचारा. मुलीबद्दलचे प्रश्न आधी घेऊया.