वृद्धाश्रमातील कोंबड्या



वृद्धाश्रमांविषयी आपल्या व्यासपीठांवरून जे काही बोलले जाते ते बहुधा मुलांच्या कृतघ्नतेविषयी असते, आणि कोंबड्यांविषयी तर या व्यासपीठावरून आजवर कोणी अवाक्षर काढले असेल असे मला वाटत नाही. तेव्हा या दोहोंची सांगड घालणारे आजच्या व्याख्यानाचे शीर्षक वाचून कोणाला हसू आले असल्यास मी त्याला दोष देणार नाही. परंतु त्या शीर्षकाच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. अन्न, वस्त्र, औषध, स्वच्छ बिछाना आणि अहोरात्र देखरेख असा सर्व बंदोबस्त ज्याच्यासाठी केलेला आहे, तो वृद्ध मनुष्यही आश्रमाच्या चार भिंतींत दिवसेंदिवस खंगत का जातो, आणि एखाद्या मुक्या जिवाचे दाणापाणी त्याच्याकडे सोपविले की तोच मनुष्य पुन्हा सकाळी आपण होऊन उठून का बसतो?

ही कल्पना आजकालची नव्हे. इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक या क्वेकर पंथीय गृहस्थाने 1796 साली मनोरुग्णांसाठी जे आश्रयस्थान उघडले, त्याच्या अंगणांतून ससे आणि कोंबड्या मुद्दाम पाळलेल्या असत, आणि साखळदंडांनी जखडलेल्या वेड्यांच्या त्या काळात हा प्रकार पाहणाऱ्यांना अचंब्याचा वाटे. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला लहानशा प्राण्याची सोबत हितकारक ठरते, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात नमूद करून ठेवले आहे. पुढे रुग्णालये जसजशी निर्जंतुक होत गेली तसतसे हे प्राणी फाटकाबाहेर गेले. आणि त्यांना बाहेर घालविणाऱ्यांची कारणे अगदीच पोकळ होती असे मात्र मी म्हणणार नाही.

त्यांना पुन्हा आत आणण्याचा जो प्रयोग सर्वाधिक गाजला, तो अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, न्यू बर्लिन नावाच्या आडगावी, 1991 साली झाला. तेथील चेस मेमोरियल या शुश्रूषागृहात सुमारे ऐंशी वृद्ध राहत असत. त्यांतील निम्मे शरीराने पंगू, आणि पाचांतील चौघांची स्मृती वा बुद्धी क्षीण झालेली. बिल थॉमस नावाच्या एका तरुण डॉक्टरची तेथे वैद्यकीय प्रमुख म्हणून नेमणूक झाली, आणि काही दिवसांतच त्याच्या ध्यानात आले की या माणसांना जे तीन रोग पोखरीत आहेत त्यांची नोंद कोणत्याही वैद्यकीय दफ्तरात नाही : कंटाळा, एकाकीपणा आणि असहायता. हा डॉक्टर स्वतः शेतावर राहणारा होता. त्याने सरकारदरबारी अनुदानासाठी अर्ज केला आणि त्या अर्जात कुत्रे, मांजरे व पक्षी यांची मागणी केली. कायद्याने अशा गृहात एक कुत्रा किंवा एक मांजर ठेवण्याची मुभा होती, त्या जागी त्याने दोन कुत्रे, चार मांजरे आणि शंभर पक्षी यांची मंजुरी पदरात पाडून घेतली. आणि एवढ्यावर न थांबता ससे आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा एक कळपही आवारात आणला.

पहिल्या दिवसांचा गोंधळ ऐकण्यासारखा आहे. शंभर पक्षी येऊन दाखल झाले, पण त्यांचे पिंजरे आलेच नव्हते. तेव्हा ते सारे पक्षी इमारतीतील केशभूषेच्या खोलीत सोडून दार लावून घ्यावे लागले. कुत्र्यांनी केलेली घाण कोणी काढायची, हे आपले काम आहे की नाही, यावरून परिचारिकांत वाद माजला. कोणत्याही संस्थेत नवी गोष्ट आली म्हणजे प्रथम ती कोणाच्या खात्यात मोडते हे ठरवावे लागते, आणि ते ठरेपर्यंत घाण तशीच पडून राहते, हा अनुभव आपल्याकडील नगरपालिकांनाही अपरिचित नसावा. परंतु या गोंधळाचाच एक परिणाम असा झाला की जे वृद्ध बोलत नाहीत अशी सर्वांची समजूत होती त्यांतले काही बोलू लागले, आणि जे चालत नाहीत ते कुत्र्याला फिरवून आणण्यास निघाले.

त्या गृहातील एका गृहस्थाची हकीकत विशेष मननीय आहे. साठ वर्षांहून अधिक काळ संसार केलेली पत्नी वारल्यावर त्यांनी अन्न सोडले होते, आणि एके दिवशी त्यांची मोटार रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेली ती जाणूनबुजूनच घातली असावी, असा पोलिसांचा कयास होता. अशा अवस्थेत आश्रमात आलेल्या या गृहस्थांच्या खोलीत पक्ष्यांची एक जोडी ठेवण्यात आली. आरंभी त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. पुढे ते अंथरुणात अशा बाजूस वळून बसू लागले की पक्षी दिसावेत. मग पक्ष्यांना काय रुचते हे ते कर्मचाऱ्यांना सांगू लागले. मग जेवू लागले, कपडे करू लागले. आणि तीन महिन्यांनी आपल्या घरी परत गेले.

जवळच्याच दुसऱ्या एका शुश्रूषागृहाशी दोन वर्षे तुलना केली तेव्हा असे आढळले की येथे माणशी लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांचे प्रमाण निम्म्यावर आले, औषधांचा खर्च तेथल्या खर्चाच्या 38 टक्के इतकाच राहिला, आणि मृत्यूंत 15 टक्क्यांची घट झाली. हे आकडे मी सांगितले खरे. तथापि एका गृहाची दुसऱ्याशी केलेली तुलना ही फार बळकट साक्ष नव्हे, आणि त्या गृहात केवळ प्राणीच नव्हे तर शेकडो झाडे, भाजीचा मळा आणि मुलांची ये-जाही सुरू झाली होती, हे विसरता कामा नये.

ही सारी हकीकत जगभर पोहोचविली ती मराठी वंशाच्या एका शल्यविशारदाने, डॉ. अतुल गावंडे यांनी, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'बीइंग मॉर्टल' या ग्रंथात. आणि मला जे सांगावयाचे आहे त्याचा दाखला त्याच ग्रंथात, न्यूयॉर्कपेक्षा यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावी, अधिक स्पष्टपणे सापडतो. तेथे डॉक्टरांचे आजोबा, सीताराम गावंडे, जवळजवळ 110 वर्षे जगले. रोज रात्री घोड्यावर बसून आपल्या सर्व शेतांची पाहणी करावी हा त्यांचा परिपाठ होता. वय वाढले, तोल जाण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा घरच्यांनी काय केले? त्यांना खाटेवर बसविले नाही, की घोडे विकून टाकले नाही. त्यांनी म्हातारबाबांसाठी जरा लहान चणीचे घोडे आणले आणि सोबत एक माणूस दिला. ज्या वर्षी ते वारले त्या वर्षापर्यंत ही फेरी चालू होती.

या लहान घोड्यात मला वृद्धसेवेचे अवघे शास्त्र दिसते. प्राणी माणसाला सांत्वन देतो असे आपण म्हणतो, पण माझ्या मते सांत्वनाचा ओघ उलट्या दिशेचा आहे. आठवड्यातून एकदा कोणी सद्गृहस्थ गोजिरवाणे कोकरू घेऊन आश्रमात यावा, ते प्रत्येकाच्या मांडीवर दोन मिनिटे ठेवावे, छायाचित्र घ्यावे आणि निघून जावे, यात करमणूक आहे, क्वचित आनंदही आहे. परंतु कोकरू दाराबाहेर गेले की त्याचे बरेवाईट पाहणारा दुसरा कोणी असतो, आणि वृद्ध पुन्हा निव्वळ घेणारा उरतो. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या विदुषींनी, 1976 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रयोगात, अमेरिकेतील एका शुश्रूषागृहातील काही वृद्धांना एकेक रोप दिले. काहींना त्याला पाणी घालण्याची जबाबदारी दिली, तर उरलेल्यांना ते काम कर्मचारी करतील असे सांगितले. जबाबदारी घेतलेले वृद्ध अधिक तरतरीत आढळले, त्यांच्या वाट्याला आणखी काही निर्णयही ठेवलेले होते हे खरे. पण रोप दोन्ही गटांच्या खोल्यांत हिरवेच होते.

म्हणूनच इंग्लंडमधील गेट्सहेड येथील कोंबड्यांचा उपक्रम मला अधिक पटतो. स्मृतिभ्रंश झालेले एक वृद्ध काही नावे घेऊन सारखा शोक करीत. चौकशीअंती कळले की ती नावे त्यांच्या कोंबड्यांची. तेव्हा आश्रमात कोंबड्या आणण्यात आल्या, आणि त्यांची निगा तेथल्या वृद्धांकडेच सोपविण्यात आली. हॉलंडात तर दुधाळ गाई, शेळ्या व कोंबड्या असलेली हजाराहून अधिक शेते अशी आहेत की जेथे वृद्ध आणि रुग्ण दिवस घालवितात व त्याचा खर्च सरकार सोसते.

आपल्याकडे या गोष्टीचे बीज परकीय नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळताना घरातील म्हाताऱ्याचा हात कोणी बाजूला सारीत नाही. मुंबईत भुलेश्वर येथे 1834 पासून पांजरपोळ आहे. बाबा आमट्यांच्या आनंदवनाचा आरंभ सांगताना सहा कुष्ठरोग्यांबरोबर एका लंगड्या गाईचा उल्लेख येतोच, आणि त्या रोग्यांना बाबांनी भिक्षा दिली नाही, काम दिले. भाकड गाय पांजरपोळात आणि थकलेला शेतकरी वृद्धाश्रमात, असे दोन स्वतंत्र धर्मादाय आपण मोठ्या श्रद्धेने चालवितो. या दोघांची गाठ घालून देण्याची तजवीज करावी, एवढीच माझी सूचना आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांसाठी निवासाची कल्पना मांडली आहे. तिच्या नकाशात खुराड्यापुरती जागा निघावयास हरकत नसावी.

हरकती येतील, आणि त्या ऐकून घेतल्या पाहिजेत. कोंबडी हाताळल्यावर हात धुतलेच पाहिजेत, कारण तिच्या विष्ठेतील जंतूंनी दुर्बल माणसाला खरोखरच आजार होतो. रविवारी, दिवाळीत, कर्मचारी रजेवर असताना खुराडे कोणी उघडायचे हे आधी ठरले पाहिजे, नाहीतर वृद्धांच्या सुखासाठी आणलेल्या जनावराचे हाल होतील. कोणी विचारील, कोंबडी मेली तर त्या म्हाताऱ्यांना दुःख होणार नाही काय? होईल, परंतु ज्यांनी शेतावर जन्म घालविला त्यांना जनावराचे मरण नवे नाही, आणि ज्याच्यासाठी रडावे असे काही उरलेच नाही ती अवस्था त्याहून बरी, असे निदान मला वाटत नाही. सर्वांत मोठी हरकत मात्र आवडीनिवडीची आहे. प्रत्येकाला प्राणी रुचतात असे नव्हे, आणि सक्तीची करुणा हाही एक जाचच. उद्या माझ्यासारख्या, जन्म पुस्तकांत गेलेल्या माणसाच्या मांडीवर तुम्ही कोंबडी आणून ठेवलीत, तर मी ती सन्मानाने परत करीन आणि त्याऐवजी आश्रमाच्या वाचनालयाची किल्ली व देवघेवीची नोंदवही माझ्या ताब्यात द्यावी अशी मागणी करीन.