थंडी कुठं अडते?

मे महिन्याच्या दुपारी नौपाड्यात गोखले रोडवर गाडी अडकली की काय होतं, हे ठाणेकरांना सांगायला नको. मागं माझी ऐंशी वर्षांची अम्मी, आणि एसीतून येतोय गरम वारा! दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत तिला धाप लागली होती.

एका गॅरेजवाल्यानं बॉनेटही न उघडता निदान केलं, "गॅस संपला." अडीच हजार मोजले. दोन दिवसांनी पुन्हा तोच वारा. खरं तर हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झालाच, तर कुठून तरी झिरपलेला असतो. पण कवीला हे कोण सांगणार?

दुसरा मिस्त्री पोरसवदा होता. त्यानं एसी लावला, कॉम्प्रेसरचा क्लच 'टक्' वाजला. मग माझाच हात धरून जाड नळीवर ठेवला. नळी गारेगार, वर पाण्याचे थेंब. "चाचा, थंडी तयार होतेय. आत पोचत नाहीये."

डॅशबोर्डच्या आत एक झडप असते. गार हवा हीटरच्या तापलेल्या जाळीतून जाऊ द्यायची की बाजूनं, हे ती ठरवते. नव्या गाड्यांत बहुधा ती छोट्या मोटरवर फिरते, माझ्या जुन्या गाडीत तारेवर. तार क्लिपमधून निसटली होती. बटण निळ्या खुणेवर, झडप मात्र गरमवरच!

नवी क्लिप, मजुरीसह शंभर रुपये.

परतताना राम मारुती रोडवर अम्मी म्हणाली, "बेटा, जरा कमी कर. गार लागतंय."