दोन पेन्सिल सेलचा खेळ

पौषात पालच्या खंडोबाची यात्रा भरली की उंब्रजच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा उरत नाही. तारळीकाठी देवाचं लग्न, भंडाऱ्याची उधळण आणि खेळण्यांची दुकानं. नव्वदीच्या दशकात त्या दुकानांत पिपाण्या-पिस्तुलांच्या शेजारी नवा माल लटकू लागला : ब्रिक गेम.

पडदा केवढा? आडवे 10 आणि उभे 20 चौकोन. डब्यावर ऐटीत छापलेलं, '9999 इन 1'. खरे खेळ थोडेच. बाकी सगळी वेग आणि पातळ्यांची बेरीज. पोरांना हे दुसऱ्या दिवशीच कळायचं, पण तक्रार कोण करतो!

या खेळात वरून ठोकळे पडत, ते मूळचे मॉस्कोचे. अलेक्सेई पाजित्नोव यांनी 1984 मध्ये टेट्रिस रचला, आणि 1989 मध्ये जपानच्या निंटेंडोच्या गेम बॉयबरोबर तो जगभरच्या खिशांत गेला. गेम बॉयमागे डोकं होतं गुन्पेई योकोई यांचं. आगगाडीत कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांनी पाहिला, त्यातून 1980 मध्ये त्यांचा 'गेम अँड वॉच' निघाला, असं सांगतात. जुनं होऊन स्वस्त झालेलं तंत्र नव्या कामाला जुंपायचं, ही त्यांची रीत. म्हणून गेम बॉयला रंग नव्हते. हिरवट पडदा आणि चार सेल, पण चालायचा दहा-पंधरा तास. सेगाचा गेम गिअर 1990 मध्ये आला तो रंगीत, आतून उजळणारा. मात्र सहा सेल तीन-पाच तासांत फस्त! रंग हरले. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत अवतार मिळून 11 कोटी 86 लाखांवर खपले.

उंब्रजच्या बाजूला गेम बॉय पाहिलेला पोरगा विरळाच. ब्रिक गेमला दोनच पेन्सिल सेल लागत, तरी तेही संपतच. मग ते उन्हात ठेवायचे, दातांनी चावायचे. त्यानंही भागलं नाही की एक सेल रिमोटमधून आणि दुसरा भिंतीवरच्या घड्याळातून. शाळेला उशीर झाला की आधी घड्याळाची पाठ तपासली जायची.

पुढे 1997 मध्ये नोकियाच्या फोनवर खेळातला साप वळवळू लागला. फोनला चार्जर होता, घड्याळं सुटली. निंटेंडोनं 2017 मध्ये टीव्हीलाही जोडता येणारा 'स्विच' हा हातातला खेळ काढला, पण गावाकडं मोबाईलनंच खिसा धरला.

माळ्यावर एखादा ब्रिक गेम अजून सापडतो. झाकण हरवलेलं, सेलच्या जागी गंज, आणि बटणांच्या फटींत यात्रेतला पिवळा भंडारा.