अपिलाचे ३० दिवस
(अपिलं चालवणाऱ्या वकिलांच्या सभेत केलेलं भाषण)



१८ ऑगस्ट २०२५ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तसं तुमचं सभासदांचं पत्रकही जाड झालं. पुढच्या व्याख्यानांच्या तारखा त्यात असतात. आमच्या बायकांची मुदतही त्यात हवी.

घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करावं लागतं. एक ताई माझ्याकडे आल्या तेव्हा ४५ दिवस झाले होते. आदेश पिशवीत, घडीसुद्धा मोडलेली नाही. वकिलांनी ‘हरलो’ एवढंच सांगितलेलं. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण कोर्टाला पटावं लागतं. त्या अर्जावर सही करताना अपराधी वाटत होतं ते ताईंनाच!

बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, अपिलातही. तेही छापा. एक प्रत आमच्या केंद्राला पाठवा, वस्तीतल्या बैठकीत मी वाचून दाखवीन.