शेवटची फेरी

(हीरक महोत्सवी वर्षात लखनौ येथे माजी विद्यार्थी व मराठी कुटुंबीयांच्या मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



ज्या नगरीत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली संगीताचे विद्यालय उभे राहिले, तेथे डोंगराकडच्या एका खेड्यातील शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावणे यावे, हा शाळेचा गौरव आहे. रेल्वे, बँका आणि संशोधनसंस्थांच्या नोकऱ्यांमुळे येथे स्थिरावलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी हीरक महोत्सवानिमित्त शाळेला एक बस भेट देण्याचा संकल्प कळविला. पत्र वाचून शिक्षकांच्या खोलीत आनंदीआनंद झाला. मलाही आनंद झाला, आणि मग दोन रात्री झोप लागली नाही. देणगीदारांपुढे उभे राहून देणगीविषयीच शंका काढणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मी जाणते. पण तुम्ही माझे विद्यार्थी आहात, म्हणून बोलते.

आपल्या भागात जिल्हा परिषदेची शाळा बहुधा सातवीला संपते. शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत एक आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे ठरविले. नववीपासून पुढचे अंतर मुलांनी आपापले कापावे. लहान शाळा एकत्र करण्याचा प्रश्न २०२५ साली याच राज्यात किती पेटला आणि येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत कसा गेला, हे आपण पाहिलेच आहे. शाळा एक किलोमीटर लांब गेली तर सहा वर्षांच्या मुलाचे काय, ही ती चिंता होती. आमच्याकडे चौदा वर्षांच्या मुलीचे अंतर अकरा किलोमीटर आहे आणि मध्ये घाट आहे.

महाराष्ट्राने या अंतराला प्रथम वसतिगृहाने उत्तर दिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली ठेवले. मूल शाळेपर्यंत रोज पोहोचू शकत नसेल तर त्याने शाळेजवळच राहावे, असा तो विचार होता. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि हळूहळू मूल रात्री आईजवळ झोपून सकाळी शाळेत येऊ लागले. मुलींच्या शिक्षणाला यामुळे किती मोठी वाट मिळाली, हे वेगळे सांगायला नको. मुलीला वसतिगृहात ठेवायला तयार नसलेले वडील तिला गाडीत बसवायला तयार झाले.

आता एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. खेड्यापाड्यांतील माध्यमिक शाळा बहुतांशी सरकारच्या नाहीत, त्या खाजगी संस्थांच्या आहेत. आपलीही तशीच; वेतनाला अनुदान आहे, पण इमारत आणि व्यवस्थापन संस्थेचे. तरीही अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुली एसटीने मोफत येतात, मुलांना मासिक पासात भाड्याचा एक तृतीयांश भागच भरावा लागतो आणि त्या सवलतीचा भार शासन उचलते. मानव विकास कार्यक्रमातील १२५ तालुक्यांत तर खास मुलींसाठी निळ्या गाड्या धावतात. खाजगी संस्थेतल्या मुलाचे भाडे सरकारने का द्यावे, असा वाद आमच्या पारावर कधी झालेला मला आठवत नाही.

अमेरिकेत तो झाला. न्यू जर्सीतील एका गावाने कॅथलिक शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनाही बसभाड्याची भरपाई दिली, तेव्हा एका करदात्याने दावा लावला. १९४७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने ती भरपाई वैध ठरविली. मला त्यातला एक तपशील फार मोलाचा वाटतो. ती मुले नेहमीच्या सार्वजनिक बसने जात होती. पैसा शाळेच्या तिजोरीत जात नव्हता. मुलाच्या तिकिटाला जात होता.

मोठ्या गावातील विनाअनुदानित इंग्रजी शाळांत मुले घालणारे पालक मला विचारतात, "बाई, आमच्या मुलांच्या गाडीला सरकार का देत नाही? आम्ही कर भरत नाही का?" त्यांचा प्रश्न मी झटकून टाकीत नाही. एसटीचा पास त्यांच्याही मुलांना मिळावा, या मताची मी आहे. शाळा कोणती, हे वाहकाने विचारू नये. पण शाळेच्या स्वतःच्या गाडीला सार्वजनिक पैसा द्यायला माझे मन घेत नाही. याचे कारण तत्त्वज्ञानात नाही, आमच्या घाटात आहे.

तीन वर्षांपूर्वी त्या शाळांच्या पिवळ्या गाड्या आमच्या रस्त्यावर सुरू झाल्या. वीस-बावीस मुले एसटीतून उतरली. संध्याकाळच्या पावणेसहाच्या फेरीचे भारमान घसरले आणि पुढच्या जूनमध्ये ती फेरी बंद झाली. कोणाला दोष द्यावा? रिकामी गाडी घाटात चढविणे कोणालाही परवडत नाही. पण शेवटच्या वाडीवरची आमची नववीतली मुलगी त्या फेरीनेच घरी जात असे. आठ दिवस ती शेवटचे दोन तास सोडून दुपारच्या गाडीने गेली. नंतर येईनाशी झाली. मी घरी गेले, तेव्हा तिची आजी म्हणाली, "बाई, अंधारात घाट चढून पोरगी यायची, तवर माझ्या जिवात जीव नसायचा." मी काय उत्तर देणार? ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप झाला, तेव्हा अशी घरे मी एका मागून एक पाहिली होती. त्यांतल्या दोघी पुन्हा शाळेत आल्याच नाहीत. त्यांची लग्ने झाली.

या वेळी शेजारच्या दोन शाळांच्या मुख्याध्यापकांना सोबत घेऊन आम्ही एकत्र अर्ज केला, दुधाचे कॅन नेणाऱ्यांच्या आणि बाजारकरी बायांच्या सह्या घेतल्या. सात आठवड्यांनी फेरी पुन्हा सुरू झाली. ती मुलगी यंदा दहावीला आहे.

आता तुमच्या बसविषयी. ती आली तर आमची साठ मुले तिच्यात बसतील, आणि पावणेसहाची फेरी पुन्हा रिकामी होईल. मग दुसऱ्या शाळांच्या मुलांचे, औषधाला तालुक्याला गेलेल्या म्हाताऱ्यांचे काय? शिवाय बस घेणे एक वेळ सोपे. डिझेल, चालक, विमा आणि दुरुस्ती वर्षानुवर्षे कोठून आणावयाची? ज्या वाड्यांवर एसटी कधी गेलीच नाही, तेथे मात्र माझा युक्तिवाद लंगडा पडतो, हे कबूल करते. अशा दोन वाड्या आहेत. तेथील सात मुलांसाठी फाट्यापर्यंत येणाऱ्या जीपचे भाडे कोणी देऊ शकले, तर मी आनंदाने घेईन.

उरलेल्या रकमेतून फाट्यावर दिवा असलेली निवाऱ्याची शेड बांधावी आणि गाडी येईपर्यंत शाळेत एक अभ्यासिका चालावी, असे मी संस्थेपुढे मांडले आहे. कार्यकारिणीत मतभेद आहेत; बसवर शाळेचे नाव रंगविलेले पाहावे, असे अनेकांना वाटते, आणि त्यात गैर काही नाही. पुढील महिन्यात सभा आहे. तुमचे मत लेखी कळवा. बसच्या बाजूचे असले तरी ते मी सभेत वाचून दाखवीन.