तेल, ताप आणि खिशाचा हिशेब

(नाशिक जिल्हा बैठकीतील भाषणावरून)



कापसाच्या बैठकीत हा गाडीच्या ऑईलवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण आज दारात जीप आहे, पिकअप आहे, कुणाकडे कर्जाची कार आहे. बियाण्याचा आणि खताचा हिशेब आपण पैशात मांडायला शिकलो. इंजिनात काय ओतायचं, ते मात्र अजून मेकॅनिक ठरवतो.

माझंच सांगतो. २०२३चा मे महिना. भाव चढेल म्हणून कापूस घरात ठेवला होता, भाव काही चढला नाही. शेवटी पिकअप भरली आणि येवल्याहून मालेगावच्या जिनिंगला निघालो. भर दुपारी अनकाईची बारी चढून मनमाडच्या चौकात थांबलो, तर ऑईलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. गाडी तिथंच बंद केली. हा दिवा लागला की पुढे एक फर्लांगही जायचं नाही. मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, जाड ऑईल टाका, नाहीतर सिंथेटिक."

मी आधी पट्टी काढून पाहिली. ऑईल खालच्या खुणेच्याही खाली. रेडिएटरच्या जाळीत रुई आणि धूळ गच्च बसलेली. वारा जाणार कुठून? ऑईल तापलं, पातळ झालं, दाब पडला. यात ऑईलच्या जातीचा काय दोष?

डब्यावर १५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा थंडीतला, दुसरा १०० अंश सेल्सियसला ऑईल किती जाड राहतं त्याचा. १५डब्ल्यूची परीक्षा उणे २५ अंशांपर्यंत होते. निफाडची थंडी कितीही कडक असली तरी पारा तिथवर कधीच उतरत नाही. म्हणजे ५डब्ल्यू-४० सिंथेटिकचा थंडीतला गुण आपल्याला फारसा लागत नाही, आणि गरम झाल्यावर दोन्ही ४०च.

मग जादा पैसे कशाचे? उष्णतेत टिकण्याचे. चालत्या गाडीत ऑईल साधारण ९० ते ११० अंशांवर असावं. त्यात आलेलं पाणी तेवढ्या उष्णतेतच उडून जातं. त्याच्या फार वर गेलं, की दर १० अंशांना ऑईल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. सिंथेटिक तिथं जास्त तग धरतं. टर्बोची गाडी समृद्धीवर १२०च्या वेगानं तासन् तास पळवायची असेल, भरल्या गाडीनं कसारा घाट चढायचा असेल, तर ते पैसे वाया नाहीत. (घाट चढून आल्यावर, दिवा लागलेला नसेल तर, इंजिन मिनिटभर सावकाश चालू ठेवून मग बंद करा.) पण गाव ते फाटा तीन किलोमीटर, एवढीच गाडी फिरत असेल तर पाण्याचा काटा वर येतो आणि ऑईल कोमटच राहतं. झाकणाखाली दुधट साय धरते. तिथं महाग ऑईलही वाचवत नाही. किलोमीटर न मोजता महिने मोजून ते बदलावं लागतं.

जाड ऑईलचं सांगायचं तर, ते घुसळताना स्वतःच जास्त तापतं आणि सकाळी बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. पट्टीच्या वरच्या खुणेपलीकडे भरलं तर फेस होतो.

'सिंथेटिक' या शब्दावरही भाळू नका. कच्च्या तेलावरच भारी प्रक्रिया केलेलं आणि रसायनांपासून बनवलेलं, दोन्ही याच नावानं विकतात. डब्याची मागची बाजू वाचा आणि ग्रेड गाडीच्या पुस्तिकेशी जुळवा. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर काजळीचा फिल्टर असेल, तर कमी राखेचं ऑईल लागतं. चुकीच्या ऑईलनं तो फिल्टर तुंबतो, आणि तो ऑईलच्या कितीतरी पट महाग.

हिशेब सरळ आहे. दुप्पट किमतीचं ऑईल दुप्पट चाललं तरच बरोबरी. वॉरंटी असेपर्यंत तर पुस्तिकेतली मुदत ओलांडताच येत नाही.

मी तेच १५डब्ल्यू-४० आणि नवा फिल्टर टाकला, जाळी इंजिनाच्या बाजूनं बाहेर, हलक्या पाण्यानं धुतली. आठवड्यानं त्याच उन्हात दुसरी खेप घेऊन बारी चढलो. दिवा लागला नाही. कापूस मात्र पडत्या भावातच गेला.