ठाणे जिल्ह्याचे लोकसभेतील प्रतिनिधी



वैशाखातल्या उकाड्यात संध्याकाळची गाडी पकडून घरी यावे आणि गच्चीवर वाऱ्याला बसावे, हे सोडून आपण व्याख्यान ऐकावयास आला आहात. तेव्हा विषय निदान आपल्या घरचा असावा एवढी काळजी मी घेतली आहे. आपल्या ठाणे जिल्ह्याने लोकसभेत कोणाला पाठविले, कसे पाठविले, आणि पाठविल्यावर आपण काय केले, हा आजचा विषय.

आरंभ एका छोट्या प्रसंगाने करतो. २०२४ च्या निवडणुकीच्या आधी गाडीत माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. कल्याणला टिळक चौकाच्या अंगाला राहणारे, वाचणारे, चार गोष्टींची माहिती असणारे. बोलता बोलता खासदारांचा विषय निघाला. त्यांनी कल्याणच्या खासदारांचे नाव घेऊन त्यांच्याकडून आपल्या काय अपेक्षा आहेत ते सांगितले. मी म्हटले, "अहो, आपण राहता कल्याण पश्चिमेला. आपले मत भिवंडी मतदारसंघात मोजले जाते. २००९ पासून तसेच आहे." त्यांचा विश्वास बसेना. थोड्या वेळाने ते हसून म्हणाले, "या पंधरा वर्षांत एकदा जरी मतदानाला गेलो असतो, तर कळले असते!"

त्यांची चेष्टा करावी असा माझा हेतू नाही. त्यांच्या त्या एका वाक्यात माझे सारे व्याख्यान आले आहे. मतदारसंघाची रेघ दुसरे कोणी आखतो. जागा किती, हेही दुसरे कोणी ठरवितो. पण त्या रेघेच्या आत खरे प्रतिनिधित्व निर्माण होते की नुसती खुर्ची भरली जाते, हे मात्र आपण ठरवितो.

ठाण्याकडे येण्यापूर्वी क्षणभर इंग्लंडात जाऊ. तेथे मिडलसेक्स नावाची एक काउंटी होती. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा मुलूख. क्रिकेटमुळे हे नाव आपल्या कानांवरून गेले असेल. लंडनला लागून असलेला हा मुलूख. मुंबईला लागून जसा आपला ठाणे जिल्हा. पार्लमेंटात त्याचे प्रतिनिधी दोन. मताचा अधिकार कोणाला, तर ज्याच्या मालकीच्या जमिनीचे उत्पन्न वर्षाला ४० शिलिंग असेल त्याला. १७६८ साली या मतदारांनी जॉन विल्क्स नावाच्या, राजाच्या सरकारवर कडक टीका करणाऱ्या गृहस्थाला निवडून दिले. १७६९ च्या फेब्रुवारीत सभागृहाने त्याला काढून टाकले. मतदारांनी पुन्हा त्यालाच निवडले. पुन्हा निवडणूक रद्द, पुन्हा तोच. एप्रिलमध्ये विल्क्सला १,१४३ मते पडली आणि प्रतिस्पर्धी लट्रेल याला २९६. सभागृहाने जागा दिली ती लट्रेलला! पण लोकांनी तो प्रश्न सोडला नाही. १७७४ साली विल्क्स सन्मानाने सभागृहात बसला आणि १७८२ साली सभागृहाने आपला जुना ठराव दप्तरातून खोडून टाकला. प्रतिनिधी कोण, हे सभागृहाने नव्हे तर मतदाराने ठरवावयाचे, हा धडा एका काउंटीने अशा रीतीने सगळ्या देशाला दिला.

याच इंग्लंडात १८३२ पर्यंत ओल्ड सेरम नावाच्या ओसाड टेकडीला दोन प्रतिनिधी होते, आणि गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टर शहराला स्वतःचा एकही नव्हता. माणसे एकीकडे गेली आणि जागा दुसरीकडे राहिल्या. हे उदाहरण ध्यानात ठेवा; आपल्या घरी त्याचा उपयोग होणार आहे.

आता ठाण्याकडे येऊ. इंग्रजी अमदानीत १९१९ च्या आणि १९३५ च्या कायद्यांनी निवडणुका आल्या खऱ्या, पण मत मिळावयाचे ते सारा भरणाऱ्याला, कर देणाऱ्याला, शिक्षण झालेल्याला. डहाणूच्या जंगलातल्या वारल्याला किंवा मुरबाडच्या कातकऱ्याला मत कोठून असणार? जो जमीन कसतो पण जमिनीचा धनी नाही, तो त्या यादीत बसतच नव्हता. जव्हार तर संस्थान होते. ते १९४८ साली जिल्ह्यात विलीन झाले. मग राज्यघटनेने एका फटक्यात २१ वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत दिले. इंग्लंडला जे साधावयास १८३२ पासून १९२८ पर्यंत जवळजवळ शंभर वर्षे लागली, ते आपण एका कलमाने केले.

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत ठाणे हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक आदिवासींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. अक्षरओळख नसलेल्या माणसाने चिन्ह पाहून पेटीत कागद टाकावयाचा. या निवडणुकीत काँग्रेसचे गोविंद धर्माजी वर्तक आणि अनंत सावळाराम नांदकर हे दोघे दिल्लीस गेले.

१९५७ साली चित्र पालटले. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन ऐन भरात होते. समितीच्या त्या लाटेत कम्युनिस्ट पक्षाचे शामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू मातेरा ठाण्यातून निवडून आले. पण ही केवळ लाट होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या मतांचे बी बारा वर्षांपूर्वी पेरले गेले होते, आणि तेही आपल्या कल्याणच्या शेजारी. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातले वारली तेथे आले. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावयाचे, ही वेठ. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने जन्मभर सावकाराकडे राबावयाचे, ही लग्नगड्याची पद्धत. ही गाऱ्हाणी त्यांनी परिषदेत प्रथमच चारचौघांत मांडली. त्यानंतर मे महिन्यात झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठ नाकारण्याचा निश्चय झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे प्राणास मुकले. या लढ्यात शामराव आणि त्यांच्या पत्नी गोदावरीबाई रानोमाळ हिंडत होत्या. शामरावांना कायदेमंडळही नवे नव्हते. १९३७ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबईच्या विधानसभेत निवडून गेले होते.

त्यांचा पक्ष आपणांस पटो वा न पटो, एक गोष्ट मान्य करावी लागेल. ज्यांना १९४५ साली मत नव्हते, त्यांनी १९५७ साली आपल्या मताने खासदार पाठविला. मत हे हक्काचे हत्यार आहे, हे जिल्ह्यात शहरवाल्यांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्याहून नीट, जंगलवाल्यांनी ओळखले.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. १९६२ साली ठाण्यातून सोनूभाऊ बसवंत आणि भिवंडीच्या राखीव जागेवरून यशवंतराव मुकणे निवडून आले. दोघेही काँग्रेसचे. मुकणे म्हणजे जव्हारचे अखेरचे राजे. ज्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या राज्य केले, त्यांनी मतपेटीपुढे उभे राहावे आणि प्रजेने त्यांना प्रतिनिधी करावे, ही लोकशाहीची गंमत नव्हे काय? १९६७ साली ठाणे हे नाव मतदारसंघांच्या यादीतून गेले. भिवंडी आणि डहाणू राहिले. भिवंडीतून बसवंत आणि डहाणूतून मुकणे आले. १९७१ साली भाऊसाहेब धामणकर आणि लक्ष्मण दुमाडा.

१९७७ साली ठाणे हे नाव यादीत परत आले, आणि त्याबरोबर आले रामभाऊ म्हाळगी. आणीबाणीत ते तुरुंगात होते. १९७७ आणि १९८० अशा दोन निवडणुका त्यांनी ठाण्यातून जिंकल्या. मला त्यांच्या पक्षाविषयी बोलावयाचे नाही. त्यांच्या एका सवयीविषयी बोलावयाचे आहे. आपण वर्षभर काय केले याचा छापील अहवाल ते मतदारांपुढे ठेवीत. दुकानदार दिवाळीला जसा हिशेब मांडतो तसा. १९८२ च्या मार्चमध्ये ते वारले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने प्रबोधिनी निघाली. तिचे केंद्र याच जिल्ह्यात उत्तनला आहे आणि तेथे लोकप्रतिनिधींना कामाचे शिक्षण दिले जाते. पुढे १९८४ साली शांताराम घोलप आले. १९८९ आणि १९९१ साली राम कापसे आले. हे मराठीचे प्राध्यापक आणि आपल्या कल्याणचे आमदार राहिलेले. १९९६ पासून प्रकाश परांजपे ओळीने चार वेळा निवडून आले. तिकडे डहाणूच्या राखीव जागेवर १९७७ साली मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम आले, आणि १९८० पासून काँग्रेसचे दामोदर शिंगडा एकूण पाच वेळा.

आता ते मँचेस्टरचे उदाहरण आठवा. १९७१ च्या शिरगणतीत जिल्ह्याची वस्ती सुमारे २३ लाख होती. २००१ साली ती ८१ लाखांवर गेली. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, नवी मुंबई अशी शहरे फुगत गेली. गिरणगाव, गिरगाव, दादर सोडून माणसे इकडे आली. पण १९७६ च्या घटनादुरुस्तीने जागांचे वाटप १९७१ च्या आकड्यांवर गोठविले होते. त्याला कारण होते. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन केले त्यांच्या जागा घटू नयेत, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला, पण परिणाम असा झाला की २००४ सालीही जिल्ह्यात ठाणे आणि डहाणू हे दोनच मतदारसंघ होते, आणि वसईकडचा भाग उत्तर मुंबईला जोडलेला. ठाणे हा देशातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी एक झाला. २००८ साली २००१ च्या शिरगणतीवरून नव्या रेघा आखल्या गेल्या आणि २००९ पासून ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर असे चार खासदार आले. मिडलसेक्सचेही असेच झाले होते. १८८५ साली त्या काउंटीचे सात विभाग करून प्रत्येकाला एक प्रतिनिधी मिळाला. पुढे १९६५ साली ती काउंटीच लंडनने पोटात घेतली. आपला जिल्हा २०१४ च्या ऑगस्टमध्ये विभागला जाऊन पालघर वेगळा झाला.

चार जागा आल्या, पण रेघा कशा आल्या पाहा. कळवा-मुंब्रा ठाणे महापालिकेत. मत कल्याणच्या खासदाराला. ऐरोली-बेलापूर नवी मुंबईत. मत ठाण्याच्या खासदाराला. कल्याण रेल्वेने कापले गेले: पूर्वेचा कोळसेवाडीचा माणूस कल्याण मतदारसंघात, आणि पश्चिमेचा टिळक चौकातला माणूस शहापूर-मुरबाडबरोबर भिवंडीत. लोकसंख्या सारखी वाटावयाची म्हटले की असे होते. कोणाचा दोष नाही. पण पाणी, रस्ता यांसाठी एक दार आणि रेल्वेसाठी दुसरे दार ठोठवावयाचे असेल, तर कोणते दार कोणाचे हे तरी ठाऊक नको काय?

आणि आता जी गोष्ट सांगावयास मला संकोच वाटतो, तिच्याकडे येतो. २० मे २०२४ रोजी मतदान झाले. पालघरात सुमारे ६४ टक्के लोकांनी मत दिले, भिवंडीत सुमारे ६०, ठाण्यात सुमारे ५२, आणि कल्याण-डोंबिवलीच्या मतदारसंघात जेमतेम ५०. उकाडा होता, यादीत नाव सापडत नव्हते, सुट्टीत माणसे गावी गेली होती. सगळे खरे. पण मे महिना पालघरातही होता आणि ऊन तेथेही होते. आपले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. वाचणारी, ऐकणारी, चर्चा करणारी आपली शहरे. आणि ज्यांना आपण मागासलेले म्हणतो, त्यांनी आपल्यापेक्षा अधिक मत दिले!

दुसरा संकोच. १९५२ पासून जी नावे मी घेतली, त्यांत बाईचे नाव एकही नाही. ठाणे, कल्याण, भिवंडी, डहाणू, पालघर, कोणत्याही सार्वत्रिक निवडणुकीतून स्त्री निवडून गेलेली नाही. ज्या जिल्ह्यात गोदावरी परुळेकरांनी माणसे जागी केली, त्या जिल्ह्याची ही गत. २०२३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवावयाचे ठरले, आणि ती तरतूद शिरगणती व नव्या रेघांशी जोडली गेली.

रेघा पुन्हा आखल्या जाणे अटळ आहे. २००१ च्या दुरुस्तीने जागांच्या वाटपावरची बंदी २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीपर्यंत ठेविली होती. २०११ सालीच आपल्या अखंड जिल्ह्याची वस्ती १ कोटी १० लाखांवर गेली होती. देशात एवढा मोठा दुसरा जिल्हा तेव्हा नव्हता. २००८ च्या आधी रेघा आखणाऱ्या आयोगाने मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती जाहीर सभांत ऐकल्या होत्या. कल्याणचे दोन तुकडे व्हावेत की नाही हे सांगावयास तेव्हा आपल्यापैकी कितीजण गेले होते? पुढच्या खेपेस कितीजण जाणार आहोत?

माझे मागणे थोडे आहे. घरी गेल्यावर आपला मतदारसंघ कोणता ते पाहा, आणि यादीत घरातल्या सगळ्यांची नावे आहेत की नाहीत तेही पाहा, सुनेचे आणि अठरा वर्षे पुरी झालेल्या नातीचे विशेषतः. निवडून आलेल्याला, तो आपल्या पक्षाचा असो वा नसो, वर्षाचा हिशेब मागा. म्हाळगींनी न मागता दिला, आपण निदान मागून घेऊ. आणि रेघा आखावयास कोणी आले तर तेथे हजर राहा.

मिडलसेक्सच्या मतदारांपाशी ४० शिलिंगांची जमीन होती, म्हणून त्यांना मत होते. आपल्यापाशी जमीन असो वा नसो, मत आहे. त्यांनी ते एकाच माणसाला पुन्हा पुन्हा दिले आणि पार्लमेंटला नमविले. आपल्याला कोणाला नमवावयाचे नाही. फक्त घराबाहेर पडावयाचे आहे. गाडीतले माझे ते शेजारी २० मे रोजी टिळक चौकातून बाहेर पडले असतील, अशी माझी आशा आहे.